धावपाठ, लेखांक ६ : दोरी कमरेला, कुत्रा पुढे

गेले पाच आठवडे आपण एकट्याने धावत होतो. या आठवड्यात सोबत कुत्रा आहे. विरारच्या चंदनसारमधल्या कुठल्याही नव्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी सातला उभे राहा. एका हाताने मोबाइल चाळणारी आणि दुसऱ्या हाताने कुत्र्याला मागे खेचणारी माणसं दिसतील. माणूस कंटाळलेला असतो, कुत्रा त्याहून जास्त. या दोघांसाठी जगात एक रीतसर खेळ आहे. त्याला कॅनिक्रॉस म्हणतात.

हा खेळ युरोपात वाढला. बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचा सराव बिनबर्फाच्या महिन्यांतही चालू राहावा म्हणून त्यांचे मालक त्यांच्यामागे पायी धावू लागले. पुढे धावण्याचीच गोडी लागली आणि गाडी मागे पडली. आज स्लेडडॉग खेळांचा आंतरराष्ट्रीय महासंघ मातीवरच्या जागतिक स्पर्धा भरवतो, त्यात कॅनिक्रॉसचा स्वतंत्र गट असतो. त्यातला एक नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो : धावताना कुत्रा माणसाच्या पुढे असला पाहिजे. माणूस पुढे आणि कुत्रा मागून फरफटत येतोय असं दिसलं, तर जोडी बाद होऊ शकते. दमलेल्या कुत्र्याला रेटायचं नाही, हे नियमातच बसवून टाकलं आहे.

साहित्य तीन वस्तूंचं. माणसाच्या कमरेला रुंद पट्टा. तो पोटावर चढू न देता खाली, नितंबांच्या हाडांवर बसवायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाठ बोलू लागते. कुत्र्याला हार्नेस, म्हणजे ओढीचा भार गळ्यावर न येता छातीवर आणि अंगावर वाटला जाईल अशी जोडणी. छातीवरून आडवी पट्टी जाणारे हार्नेस दुकानात स्वस्त मिळतात, पण ते खांद्याची हालचाल अडवतात. पुढून इंग्रजी वायसारखा दिसणारा घ्या. आणि दोघांना जोडणारी सुमारे दोन मीटरची दोरी, जिच्यात थोडा भाग ताणला जाणारा असतो. कुत्र्याने अचानक झेप घेतली तर तो धक्का हा लवचीक भाग पचवतो. दोरी एका झटक्यात सुटेल असा आकडा कमरेशी हवाच. गळपट्ट्याला साधी दोरी बांधून ती मनगटाला गुंडाळून धावणं हा मात्र मनगट आणि कुत्र्याची श्वासनलिका दोन्ही एकदम दुखवण्याचा उद्योग आहे.

खरी अडचण शिकवण्याची. आयुष्यभर आपण कुत्र्याला ‘ओढू नको’ म्हणून दटावलेलं असतं, आणि आता म्हणतो, ओढ. तो गोंधळणारच. त्यावर उपाय सोपा आहे : गळपट्टा घातला की शेजारी चालायचं, हार्नेस घातला की पुढे जायचं. हा भेद कुत्र्यांना आपल्या अंदाजापेक्षा लवकर कळतो, अट एवढीच की घरातल्या सगळ्यांनी तो पाळावा. आज्ञाही घरच्या भाषेत द्या. ‘चल’, ‘डावं’, ‘उजवं’, ‘थांब’ आणि वाटेत काही हुंगायला लागला तर ‘सोड’. या आज्ञा आधी चालताना पक्क्या करायच्या, वळणावर पोचण्याच्या दोन पावलं आधी द्यायच्या. घरात आई ‘थांब’ म्हणते, बाबा ‘स्टॉप’ आणि मुलगा नुसती शिट्टी वाजवतो, असं चालणार नाही.

आता हवामान. इथे युरोपची पुस्तकं कपाटात ठेवावी लागतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंज्यांच्या गाद्यांना थोडा येतो, तेवढाच. शरीरातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा वाफेने उडवून बाहेर काढतो. विरारच्या दमट हवेत हा ओलावा नीट उडत नाही. म्हणून पारा फार चढलेला नसतानाही इथला कुत्रा तापतो. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. ते ४१ च्या वर गेलं की जिवावर बेतू शकतं. लाळ घट्ट होणं, हिरड्या लालभडक होणं, पाय लटपटणं ही लक्षणं दिसली तर सावलीत न्या, अंगावर साधं नळाचं पाणी ओता, वारा घाला आणि मग डॉक्टर गाठा. आधी थंड करणं, नंतर रिक्षा शोधणं.

म्हणून धावायचं पहाटे, आणि हंगाम नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. पण चंदनसारमध्ये पहाटेचंही एक गणित आहे. पूर्वेला तुंगारेश्वरचं अभयारण्य आहे, आणि बिबट्यासाठी कुत्रा हे सोपं भक्ष्य. २०२४ मध्ये वसईच्या किल्ल्यात बिबट्या आला आणि पिंजऱ्यात येईपर्यंत त्याने वनखात्याला कित्येक दिवस झुलवलं, हे आपल्याला आठवत असेल. तेव्हा डोंगराच्या कडेच्या वाटा अंधारात टाळा. अभयारण्यात तर कुत्रा नेऊच नका. आपल्या कुत्र्याचे आजार जंगली प्राण्यांना लागतात. थोडक्यात, दिसू लागल्यापासून ऊन चढेपर्यंतचा जेमतेम तासभर आपल्या वाट्याला येतो.

दुसरा प्रश्न गल्लीतल्या कुत्र्यांचा, आणि माझ्या मते आपल्याकडे हा खेळ रुजायला हाच सर्वांत मोठा अडसर आहे. पट्ट्यातला परका कुत्रा पळत आला की हद्दीतली चार-पाच उठतातच. दोन मीटरची दोरी कमरेला असताना भांडण जुंपलं तर आपणच पहिले पडतो. तेव्हा अशा कोपऱ्यावर धावणं थांबवा, दोरी आखडून घ्या, मधे स्वतः राहा आणि चालत पुढे जा. रोज तोच रस्ता, तीच वेळ ठेवली तर काही आठवड्यांत ती कुत्री नुसती मान वर करून बघतात. चंदनसार रस्ता मात्र या कामाचा नाही. टँकर, रिक्षा, महामार्गाकडे धावणारे ट्रक, आणि पायाखाली डांबर. जीवदानी मंदिराच्या पायऱ्याही नकोत, तिथे भाविकांची गर्दी आणि उतरताना कुत्र्याच्या पुढच्या सांध्यांवर ताण. आतल्या मातीच्या वाटा शोधा. सुट्टीच्या दिवशी अर्नाळ्याचा किंवा राजोडीचा किनारा गाठता आला तर ओहोटीची ओली, घट्ट वाळू उत्तम. कोरडी भुसभुशीत वाळू दोघांनाही दमवते.

कुठला कुत्रा चालेल? पग, बुलडॉग, शित्झू अशी चपट्या नाकाची कुत्री नकोतच. हस्की हा युरोपातल्या या खेळाचा जुना मानकरी, पण थंडीसाठी घडलेल्या त्या जाड केसांच्या प्राण्याला विरारच्या हवेत पळवणं हा छळ आहे. मुधोळ किंवा कारवान हे आपल्या मुलखातले शिकारी कुत्रे जातिवंत धावपटू. मुधोळवर तर टपाल खात्याने २००५ मध्ये तिकीट काढलं. पण ते नजरेने शिकार हेरणारे. मांजर दिसलं की क्षणात झेपावतात, नवशिक्याला कमरेशी पेलत नाहीत. माझा कौल गावठी कुत्र्याला. सडपातळ अंग, आखूड केस, मध्यम वजन, आणि हे हवामान पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेलं.

कुत्रा किमान वर्षाचा झालेला असावा, मोठ्या चणीचा असेल तर दीड वर्षाचा; तोवर हाडं पक्की होत नाहीत. खाणं आणि धावणं यांत दोन तास तरी जाऊ द्या. आधी दहा मिनिटं चालवा, शी-शू उरकू द्या. मग मिनिटभर धावणं, दोन मिनिटं चालणं, असं एकूण पंधरा-वीस मिनिटं, एक दिवसाआड. घरी आलात की पंज्यांच्या गाद्या आणि बोटांमधल्या फटी तपासा, गोचीड तिथेच लपते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका माणसाला आणि कुत्र्याला सारखाच.

या रविवारी मात्र धावू नका. नुसता हार्नेस घालून गल्लीच्या टोकापर्यंत चालत जा, आणि निघण्याआधी कुत्र्याची लसीची वही काढून रेबीजच्या लसीची तारीख बघा. ती उलटून गेली असेल, तर पहिली फेरी जनावरांच्या डॉक्टरकडे.