शेतकरी कुटुंबासाठी जुनी जीपगाडी निवडताना

पेण व रोहा या तालुक्यांतील शेतकऱ्यास वाहनाची गरज दोन प्रकारची असते. भात, वाल, कलिंगडे व भाजीपाला बाजारात न्यावयाचा असतो आणि घरातील माणसांना दवाखाना, शाळा व लग्नकार्य यांसाठी न्यावयाचे असते. दोन्ही कामांसाठी दोन वाहने ठेवणे बहुतेकांस परवडत नाही. म्हणून वापरलेली मोठी जीपगाडी घेण्याकडे पुष्कळांचा कल असतो. हा विचार मुळात चुकीचा नाही. १९४५ साली अमेरिकेतील विलीस कंपनीने लष्करी जीपचा नागरी नमुना बाजारात आणला, तो मुख्यतः शेतकऱ्यांसाठीच होता. परंतु जुनी गाडी घेताना रंग, गाद्या व गाण्याचे यंत्र पाहून सौदा केला, तर एका हंगामाचे उत्पन्न पाण्यात जाते. आणि उतारावर ब्रेक लागला नाही, तर हानी पैशापुरती राहत नाही. म्हणून प्रथम वजनाचा हिशेब, मग गाडीच्या खालच्या भागाची तपासणी आणि शेवटी किंमत, हा क्रम सोडू नये.

वजनाचा हिशेब

गाडीचे रिकामे वजन नोंदणीपत्रात, म्हणजे आर.सी. बुकात असते. भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन किती असावे, हे कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. या दोहोंतील फरक म्हणजे त्या गाडीची खरी वाहनशक्ती होय. समजा, हा फरक ६५० किलो आहे. सहा माणसांचे ३६० किलो, ५० किलोच्या चार पोत्यांचे २०० किलो आणि टपावरील कॅरियर व किरकोळ सामानाचे ४० किलो धरले, तर ६०० किलो होतात. शिल्लक फक्त ५० किलो राहते. याच गाडीत आठ माणसे व आठ पोती घातली, तर भार ९२० किलो होतो, म्हणजे मर्यादेपेक्षा २७० किलो अधिक. जागा आहे म्हणून भार घालणे योग्य नव्हे.

मागे ट्रॉली जोडली म्हणजे तिचे ओझे गाडीवर येत नाही, ही समजूत चुकीची आहे. ट्रॉली स्थिर चालण्यासाठी तिच्या भरलेल्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हुकावर यावा लागतो. म्हणजे ४०० किलोची ट्रॉली वरील ५० किलोंतील ४० किलो घेऊन टाकते. माल ट्रॉलीच्या मागील टोकास रचल्यास हूक वर उचलला जातो आणि ट्रॉली डोलू लागते. म्हणून जड पोती आसाच्या किंचित पुढे ठेवावीत. लहान ट्रॉलीस बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. तिला थांबविण्याचा सारा ताण गाडीच्या ब्रेकवर पडतो. सबब गाडीमागे हलकी ट्रॉलीच जोडावी. विटा, रेती व भाताच्या मोठ्या खेपा ट्रॅक्टरकडे सोपवाव्यात.

सांगाड्याची परीक्षा

ओढकामासाठी स्वतंत्र चासी असलेली व मागील चाकांना शक्ती देणारी गाडी चांगली. २००० साली बाजारात आलेली महिंद्र बोलेरो, १९९४ साली आलेली व २०१९ साली बंद झालेली टाटा सुमो, तसेच २००२ सालची स्कॉर्पिओ ही याची परिचित उदाहरणे होत. कमानपाट्यांची गाडी ओझ्यास बरी, परंतु रिकामी असता माणसांस धक्के देते, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या भागात गाडीचा मोठा शत्रू गंज हा आहे. खारपट्ट्यातील खारा चिखल व दमट हवा यांमुळे वरून चकचकीत दिसणारी गाडी खालून पोखरलेली असू शकते. गाडी उंचावर घेऊन चासीचे आडवे तुकडे, पाट्यांच्या कड्या व तळाचा पत्रा लहान हातोडीने हलके ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला तर लोखंड बहुधा शाबूत आहे; बद्द आवाज आला किंवा पापुद्रे निघाले, तर ती गाडी सोडावी. नुकताच दिलेला काळा रंग दिसल्यास अधिक संशय घ्यावा. जुलै २००५ व जुलै २०२१ मध्ये जिल्ह्यात महापूर आले होते. पुरात बुडालेली गाडी ओळखण्यासाठी गालिच्याखालील गाळ, आसनांच्या बोल्टांवरील गंज व दिव्यांच्या आतील पाणी पाहावे.

इंजिन, क्लच व ब्रेक

इंजिन थंड असताना सुरू करावयास सांगावे. सतत निळा धूर येणे म्हणजे ऑइल जळणे. काळा धूर म्हणजे डिझेल अधिक किंवा हवा कमी. मग भार घालून सुकेळी खिंडीसारख्या चढावर गाडी चालवावी. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच घसरत आहे असे समजावे. ब्रेकचे पेडल अर्धा मिनिट एकसारखे दाबून धरावे. ते हळूहळू खाली गेल्यास दोष आहे. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लावता गाडी एका बाजूस ओढता कामा नये. टायरच्या कडेवरील चार आकडे आठवडा व वर्ष दर्शवितात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

कागदपत्रे

चासीवरील व इंजिनावरील क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा, थकलेला दंड व विमा यांची चौकशी करावी. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. १ एप्रिल २०२२ पासून अशा मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले असून पर्यावरण कर निराळा द्यावा लागतो. म्हणून चौदा वर्षांची गाडी 'स्वस्त' मिळाली, तरी हा खर्च किमतीत मिळवावा व चालू दर पेण येथील परिवहन कार्यालयात विचारावा. नमुना २९ व ३० भरून मालकी आपल्या नावावर करून घेतल्याखेरीज व्यवहार पुरा झाला असे मानू नये. कायद्याने ट्रॉली हेही वाहनच आहे; हूक परस्पर जोडून घेण्यापूर्वी त्याच कार्यालयात परवानगीची विचारणा करावी. ट्रॉलीत माणसे कदापि बसवू नयेत, आणि खासगी नोंदणीच्या गाडीतून भाड्याने माल किंवा प्रवासी नेऊ नयेत.

घेतल्यानंतरची निगा

खाजणातून आल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा. पावसाळ्यापूर्वी चासीस गंजरोधक लेप द्यावा व ब्रेक तपासून घ्यावेत. खिंड उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे. नुसत्या ब्रेकवर विसंबू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सौद्यापूर्वी शेतकऱ्यासोबत बसून वजनाचा हिशेब कागदावर मांडावा आणि गावातील जाणत्या मिस्त्रीस तपासणीस न्यावे. मिस्त्रीची मजुरी थोडी असते. पोखरलेली चासी घरी आणल्यास खर्चास अंत राहत नाही.