न्यूट्रलला थरथरणारी मारुती

डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 चं इंजिन 796 सीसीचं, सिलिंडर तीनच. त्यातला एक मंदावला तरी न्यूट्रलला स्टिअरिंग हातात थरथरतं. सावंतवाडीच्या पावसात आठवडे उभ्या असलेल्या कार्ब्युरेटरच्या गाडीची ही नेहमीची तक्रार.

स्लो स्पीडचा स्क्रू लगेच पिळू नका. त्यानं दोष झाकला जातो, जात नाही. रात्री उघड्यावर इंजिन चालू ठेवून बॉनेट वर करा. प्लगच्या वायरींवर निळ्या ठिणग्या चमकल्या तर वायरी बदला. त्या वेळी त्यांना हात मात्र लावू नका, झटका जबर बसतो.

आता चोक थोडा ओढा. गरम इंजिन त्यानं सुधारलं, तर मिश्रणात हवा जास्त होतेय. फुसफुस ऐकू आली तर व्हॅक्यूमचा रबरी पाइप चिरलाय. काही रुपयांचं काम. गाडी आंबोली घाट झकास चढते, पण बाजारात थांबली की बंद पडते? मग आयडल जेटमध्ये कचरा शोधा. वेगात पेट्रोल मुख्य जेटमधून येतं, म्हणून घाटात काही कळत नाही.

नंतर आलेल्या इंजेक्शनच्या गाड्यांत आधी थ्रॉटल बॉडीतली काजळी साफ करावी.