विद्यार्थ्यांची उमेदवारी आणि गावची नोंदवही

सुताराच्या हाताखाली राबल्याशिवाय सुतारकी येत नाही, हे खेड्यात कुणाला सांगावे लागत नाही. अशा शिकण्याला आपल्याकडे ‘उमेदवारी’ हा चांगला शब्द आहे. कॉलेजातली मुले हल्ली जी ‘इंटर्नशिप’ करतात, ती म्हणजे ही उमेदवारीच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिच्यावर भर दिला आहे. कुणी त्यासाठी कारखान्यात जातो, कुणी बँकेत. आणि कुणी तुमच्या रानात येतो. हा रानात येणारा विद्यार्थी काय करतो, ते आज पाहू.

तो म्हणतो, मी जैवविविधतेचा अभ्यास करतो. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. बांधावरची बाभूळ, ओढ्यातले मासे, देवराईतल्या वेली, कणगीतले गावठी बियाणे, दावणीचा खिलार बैल, ही सारी मिळून गावची जैवविविधता. संसदेने २००२ साली याविषयी कायदा केला. ग्रामपंचायतीत एक जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांना विचारून ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तयार करावी, अशी त्यात व्यवस्था आहे. कोणते झाड कोठे आहे, केव्हा फुलते, कशावर चालते, पूर्वी किती होते, आता किती उरले, हे त्या वहीत लिहावयाचे.

तुम्ही म्हणाल, आम्हाला ठाऊक असलेलेच लिहून काय मिळणार? हळदीची गोष्ट ऐका. जखमेवर हळद लावावी, हे आपल्या आजीला ठाऊक होते. पण १९९५ साली अमेरिकेत त्याचेच पेटंट दिले गेले! डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते, तिने जुने लेख पुढे ठेवून १९९७ साली ते रद्द करविले. आजीचे ज्ञान लिहिलेले सापडले, म्हणून ते पुराव्याला उभे राहिले. जे लिहिलेले नाही, ते जाणत्या माणसाबरोबर जाते.

हे काम एकट्या विद्यार्थ्याचे नव्हे, बरे का. त्याला करवीचे शास्त्रीय नाव येते. पण ती कोणत्या कड्यावर दाट आहे आणि मागे कोणत्या साली फुलली होती, हे धनगराला विचारावे लागते. बाळहिरडा केव्हा गोळा करावा, हे हिरडा वेचणारी बाईच सांगेल. म्हणून येथे उस्ताद गावकरी आणि उमेदवार विद्यार्थी, हे नाते दोघांनीही ओळखले पाहिजे. चावडीत बसून शेजारच्या गावची वही उतरून काढली, तर रकाने भरतात, पण गावाच्या हाती काही लागत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, येथे तुमचे काम सुरू होते. विद्यार्थी आला की कॉलेजचे पत्र पाहा आणि त्याची समितीशी गाठ घालून द्या. जाणत्यांच्या घरी त्याला स्वतः घेऊन जा. रानात निघाल तेव्हा शाळेची चार मुले बरोबर असू द्या; ती पाहतील, विचारतील, लिहितील. एखाद्या औषधी मुळीची जागा किंवा वैदूची कृती बाहेर जाऊ नये असे गावाला वाटले, तर तसे आधीच ठरवा. व्यापारासाठी माल नेणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकारही कायद्याने समितीला दिला आहे, हे गावाला समजावून सांगा. आणि लिहिलेले सर्व ग्रामसभेत एकदा मोठ्याने वाचून घ्या. चुकले असेल तर तेथेच कोणीतरी उठून सांगेल.

विद्यार्थी दोन महिन्यांनी परत जाईल, त्याला गुण मिळतील. वहीची प्रत मात्र गावात राहिली पाहिजे, आणि दर पावसाळ्यानंतर तिच्यात भर घालणारी मुले तुमच्या शाळेत तयार झाली पाहिजेत. तेवढे साधले, तर त्याच्या उमेदवारीचे चीज झाले, असे आपण खुशाल म्हणावे.