गब्बरच्या पायाखालची अडीचशे कोटी वर्षं

पुढच्या वेळी टीव्हीवर ‘शोले’ लागला की गब्बरकडे बघू नका. त्याच्या मागे बघा. ते अवाढव्य, गोलमटोल धोंडे एकमेकांवर कुणी रचले?

सेटवाल्यांनी नव्हे, एवढं नक्की. गोष्टीतलं रामगढ उत्तरेतलं, पण दिग्दर्शक रमेश सिप्पींना ते सापडलं थेट कर्नाटकात, बंगळूरहून म्हैसूरच्या वाटेवर साधारण ५० किलोमीटरवर, रामनगरला. जागा हेरली कलादिग्दर्शक राम येडेकरांनी. म्हैसूरची सहल ठरवताय ना? मग मुलाबाळांसह इथे उतराच. ठाकूरची हवेली शोधू नका. गाव हा सेट होता, तो कधीच गेला. खरा चमत्कार आहे तो खडकात.

आधी खडकाला नाक लावून बघा. आपल्या सह्याद्रीचा काळा बसाल्ट एकसंध दिसतो. त्याचा लाव्हा उघड्यावर आला, पटकन थिजला, स्फटिकांना वाढायला सवडच मिळाली नाही. इथे मात्र गुलाबी-करडे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. काही तर नखापेक्षा मोठे! याचा अर्थ हा ग्रॅनाइट सावकाश, अतिसावकाश निवला, जमिनीच्या पोटात कित्येक किलोमीटर खोल. मग आज आपण त्याच्यावर उभे कसे? वरचं सगळं झिजून गेलं म्हणून. किलोमीटरच्या किलोमीटर खडक, ऊन-पावसाने नेला!

आणि हे कधीचं? सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हा झाड नव्हतं, मासा नव्हता, हवेत प्राणवायूही जवळपास नव्हता. दख्खनचा बसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा. म्हणजे रामनगरपुढे रायगडचा कडा कालचं पोर. पृथ्वीच्या निम्म्याहून अधिक आयुष्य या दगडाने पाहिलंय.

आता त्या गोल धोंड्यांकडे वळू. गडगडत येऊन ते घासले गेले असतील, असं वाटतं ना? मुळीच नाही. ते जागच्या जागी, तेही मातीखाली गोल झाले! वरचा भार कमी झाला तसा ग्रॅनाइट सैलावला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. तयार झाले चौकोनी ठोकळे. भेगांतून मातीतलं किंचित आम्ल पाणी झिरपलं आणि खडकातल्या फेल्डस्पार खनिजाची चिकणमाती करू लागलं. गंमत बघा: ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच दिशेने चढाई करतं, कडेवर दोन दिशांनी, कोपऱ्यावर तीन. मग आधी कोण शरण जाणार? कोपरे! ठोकळा आपोआप गोल होत जातो. पुढे पावसाने ती माती धुऊन नेली की आतले गाभे तेवढे उरतात, एकावर एक, तोल सांभाळत. मोठ्या कातळांचे तर कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, म्हणून त्यांचे माथे घुमटासारखे.

याच कड्यांच्या कपारींत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशभर गिधाडांचा फडशा पडला. २००६ साली या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. २०१२ साली इथल्या रामदेवर बेट्टा डोंगराला गिधाड अभयारण्याचा दर्जा मिळाला. मला विचाराल तर ‘शोले’पेक्षा हेच इथलं मोठं आकर्षण. दुर्बीण न्या.

या गिधाडांची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि घरट्यांचा हंगाम ऐन हिवाळ्यात, म्हणजे आपल्या सहलींच्याच दिवसांत येतो. तेव्हा गब्बरचे संवाद फेकायची हौस गाडीतच फेडून घ्या. डोंगरावर आवाज नको.