उंचीची राखण

सिंहगडाच्या माथ्यावरून तोरणा, राजगड, पुरंदर नजरेच्या टप्प्यात येतात. ज्या कारणाने इथे गड झाला, त्याच कारणाने दूरचित्रवाणीचा मनोराही आला. टीव्हीच्या आणि एफएमच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्याच सरळ जातात. डोंगर आड आला की पलीकडे सावली पडते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पण वरळीच्या ३०० मीटर मनोऱ्यालाही सह्याद्रीपलीकडचं पुणं 'दिसत' नाही. १९७३ साली सिंहगडावरून सहक्षेपण सुरू झालं, तेव्हा पुण्याच्या घरांत चित्र आलं.

सपाट मुलखात १०० मीटर मनोऱ्याचं रेडिओ-क्षितिज सुमारे ४० किलोमीटरवर असतं. पुण्याहून साडेसातशे मीटर उंच असलेल्या गडावरून ते ११० किलोमीटरपर्यंत जातं.

ही उंची मात्र राखावी लागते. डोंगरमाथ्यावरच्या अशाच एका प्रक्षेपण केंद्रात मे महिन्यातली कामं मी पाहिली. सगळ्यांचं लक्ष जमिनीकडे होतं. आसपासच्या मुलखात सर्वांत उंच असल्याने वीज मनोऱ्यावरच पडणार. तिला जमिनीत उतरायला वाट हवी आणि सह्याद्रीचा काळा पाषाण ती सहज देत नाही. म्हणून खड्ड्यांत कोळसा आणि मीठ भरून आर्थिंग केलेलं असतं. मदतनीस त्या खड्ड्यांत बादल्यांनी पाणी ओतत होते आणि तंत्रज्ञ मीटर लावून जमिनीचा रोध किती ओहम ते मोजत होता. आकडा उतरेपर्यंत कोणी हललं नाही.

मग फीडरची पाळी. ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत जाणारी ही जाड केबल आतून पोकळ असते आणि तिच्यात कोरडी हवा दाबाने भरलेली असते. दाब उतरला, तर कुठलातरी सांधा सैल आहे. त्यातून पावसाळ्यात ओल शिरली, की वर पाठवलेली शक्ती अँटेनातून बाहेर न पडता मागे फिरते. म्हणूनच ड्यूटीवरचा माणूस दर तासाला 'फॉरवर्ड', म्हणजे वर गेलेल्या शक्तीबरोबर 'रिफ्लेक्टेड', म्हणजे मागे फिरलेल्या शक्तीचा आकडाही लॉगबुकात लिहितो. तो किंचित जरी वाढला, तरी आधीची पानं उलटून पाहिली जातात.

सांधा घट्ट करायला वर चढायचं, तर प्रक्षेपण थांबवून, कमरेला पट्टा बांधून. जूनमध्ये धुकं आणि वारा सुरू झाला की चढणं बंद. जे करायचं, ते मेमध्येच.

दूरदर्शनचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण आता जवळजवळ सगळीकडे बंद झालं आहे; उपग्रह आणि मोबाईल घरोघरी आले. तरी पुरात मोबाईलचे टॉवर बंद पडतात, तेव्हा डोंगरावरचा एक एफएम ट्रान्समीटर आणि हातातला सेलवरचा रेडिओ एवढ्यावर साऱ्या जिल्ह्याला सूचना देता येते. त्या दिवशी तो चालू असावा, यासाठी मेमध्ये खड्ड्यात पाणी ओतणारी माणसं केंद्रावर असायला हवीत. यंत्रांबरोबर त्यांची पदंही टिकवली पाहिजेत.