ओरेबिच : शिडाच्या जहाजांकडून उतारावरील द्राक्षांकडे

क्रोएशियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, पेल्येशाच द्वीपकल्पात ओरेबिच हे छोटे नगर आहे. समुद्राकाठची जुन्या कप्तानांची दगडी घरे आणि १९५७ साली स्थापन झालेले सागरी संग्रहालय गावाच्या पूर्वेतिहासाची साक्ष देतात. १८६५ मध्ये येथील कप्तानांनी भागभांडवल उभारून जहाज कंपनी काढली. तिच्या ताफ्यात तीसहून अधिक शिडाची जहाजे होती. वाफेच्या जहाजांशी स्पर्धा न झेपल्याने १८९१ मध्ये ती बंद पडली. त्याच सुमारास ऑस्ट्रिया-हंगेरीने इटलीच्या वाइनला सवलतीच्या दराने प्रवेश दिला. पाठोपाठ मुळांवरील फायलोक्सेरा किडीने दाल्मातिया प्रांतातील बागा उद्ध्वस्त केल्या. अनेक कुटुंबांनी अमेरिकेची वाट धरली.

प्रतिकारक अमेरिकन खुंटावर स्थानिक वाणाचे कलम करून बागा पुन्हा उभ्या राहिल्या. आपल्याकडेही द्राक्षात खुंटाचा वापर रूढ आहे. मात्र त्यामागील मुख्य कारण क्षार व पाण्याचा ताण हे आहे. पेल्येशाचचा प्रमुख वाण ‘प्लावाच माली’ होय. कॅलिफोर्नियातील झिनफँडेल हा वाण त्याच्या जनकांपैकी एक असल्याचे जनुकीय चाचण्यांनी सिद्ध झाले आहे.

या वाणाची खरी कसोटी दिंगाच येथे लागते. समुद्राकडे तोंड केलेला हा दक्षिण उतार काही ठिकाणी ४५ अंशांपर्यंत तीव्र आहे. आकाशातले ऊन, पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश आणि तापलेला चुनखडीचा दगड या तिहेरी उष्णतेमुळे मणी वेलीवरच अंशतः सुकतात व साखर वाढते. उत्पादन कमी, मजुरी मात्र भरपूर. यंत्राला येथे वाव नाही. पूर्वी द्राक्षे गाढवांच्या पाठीवरून डोंगर ओलांडून पोतोम्ये गावी न्यावी लागत. अखेर १९७० च्या दशकात उत्पादकांनी स्वतः पुढाकार घेऊन डोंगरातून सुमारे ४०० मीटर लांबीचा बोगदा खोदून घेतला. काढणीनंतर माल वेळेवर तळघरात पोहोचू लागला. वाइनच्या गुणवत्तेत या बोगद्याचा वाटा वाणाइतकाच मानावा लागेल.

कायदेशीर संरक्षण त्याआधीच मिळाले होते. १९६१ मध्ये दिंगाच ही क्रोएशियातील पहिली संरक्षित वाइन ठरली. ओरेबिचलगतच्या पोस्तुप उतारालाही १९६७ मध्ये हा दर्जा लाभला. आपल्या ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु दिंगाचची सीमा एखाद्या जिल्ह्याची नसून एका उताराची आहे, आणि तिच्या किमतीचे मर्म बहुधा यातच असावे.

२०२२ मध्ये पेल्येशाच पूल खुला झाल्याने बोस्नियाची हद्द न ओलांडता उत्तरेकडून येथे येता येते. पर्यटक तळघरांत वाइन चाखतात व तेथूनच खरेदी करतात. उत्पादकाला मध्यस्थाविना भाव मिळतो. पण पर्यटनालाही माणसे लागतातच. सप्टेंबरमध्ये किनाऱ्यावर पाहुणे असतानाच उतारावर हाताने काढणी सुरू असते, आणि घरातील तरुण दोन्हीकडच्या मजुरीचा हिशेब मांडतात.