घरातला सर्व्हर आणि त्याचे वारसदार

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुन्या संगणकांच्या दुकानांत छोटे, चपटे डबे मिळतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपली यंत्रं बदलतात, तेव्हा ही फौज ठोकभावानं बाजारात उतरते. पत्रं टाइप करण्यापलीकडे फारसा ताण न पडलेली ही यंत्रं चांगली धडधाकट असतात. घरी सर्व्हर चालवायचं मनावर घेतलेल्या हौशी प्रोग्रामरची पहिली खरेदी बहुधा हीच. फारसं काम नसताना असा डबा दहाएक वॅट वीज खातो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला सातेक युनिट. टीव्हीमागच्या कपाटात, राउटरशेजारी तो बसतो आणि घरच्यांना काही दिवसांत त्याचा विसर पडतो.

पण गूगलपासून नेटफ्लिक्सपर्यंत सगळं फोनवर असताना हा उपद्व्याप कशासाठी? कारणं शोधायला फार मागं जावं लागत नाही. १ जुलै २०१३ रोजी गूगलनं आपलं ‘रीडर’ बंद केलं. आवडत्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एका जागी वाचण्याची ती सोय होती आणि तिच्यावर रोज विसंबणारे लोक एका फटक्यात उघड्यावर आले. पुढे १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण संपली, तेव्हा हीच जाणीव घरोघरी पोचली. पंधरा जीबीत बारसं, मुंज, दोन सहली आणि व्हॉट्सॅपवर आलेले शुभेच्छांचे फोटो मावत नाहीत. पैसे भरायला हरकत नसते. अडचण वेगळीच आहे : आपल्या वस्तूंचं पुढं काय होणार, हे दुसऱ्याच कुणाच्या वार्षिक ताळेबंदावर ठरतं.

फोटोंच्या बाबतीत सध्या हौशी मंडळींचं लाडकं उत्तर आहे ‘इमिच’. ॲलेक्स ट्रॅन या प्रोग्रामरनं २०२२ मध्ये ते लिहायला घेतलं. घरात तान्हं मूल होतं, त्याच्या फोटोंचा ढीग वाढत होता आणि तो ठेवायला दरमहा पैसे भरण्याची त्या नवरा-बायकोची इच्छा नव्हती. आज इमिच फोनवरचे फोटो आपोआप घरच्या डब्यावर चढवतं, चेहरे ओळखून आजीचे सगळे फोटो एकत्र लावतं, आणि हे ओळखण्याचं काम बाहेर कुठेही काही न पाठवता त्या डब्यातच होतं. नव्या डब्यावर पहिल्यांदा पूर्ण संग्रह चढवला की यंत्र तासन् तास गुरगुरत राहतं. पंखा जोरात फिरतो, आणि मग एकेक चेहरा वेगळा होऊन समोर येऊ लागतो.

मराठी घराला याहूनही जवळचं वाटावं असं साधन म्हणजे ‘पेपरलेस’. वीजबिलं, मालमत्ता कराच्या पावत्या, विम्याचे कागद, शाळा सोडल्याचे दाखले, सातबारा हे सगळं स्कॅन करून त्यात टाकायचं. ते कागद वाचतं, त्यातली अक्षरं ओळखून मजकूर काढतं आणि पुढं ‘घरपट्टी’ एवढा शब्द टाकला की हवी ती पावती हजर. अक्षरओळखीचं काम करतं ‘टेसरॅक्ट’. १९८५ ते १९९४ या काळात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये घडलेलं हे साधन २००५ मध्ये खुलं झालं. पुढं अनेक वर्षं गूगलनं ते पोसलं. त्यात मराठीचीही तयार सोय आहे. पेपरलेसच्या सेटिंगमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा लावल्या की मिश्र भाषेतली सरकारी पावतीही ते बऱ्यापैकी वाचतं. हस्ताक्षर मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचं. तलाठ्याच्या हातचा जुना उतारा त्याला लागत नाही.

इथं एक खास मराठी अडचण उभी राहते. युनिकोड रुळण्यापूर्वीची कितीतरी मराठी कागदपत्रं पुण्याच्या सी-डॅकचे ‘डीव्हीबी’ मालिकेतले फाँट किंवा पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ वापरून तयार झाली. अशा पीडीएफमध्ये डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, कारण त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. मजकूर कॉपी करून पाहिला की नुसता कचरा हाती येतो. पेपरलेसला अशी फाइल मिळाली की ‘यात आधीच मजकूर आहे’ असं समजून ते अक्षरओळख वगळतं आणि तोच कचरा शोधसूचीत भरतं. मग ‘घरपट्टी’ शोधून सापडणार कशी? यावर इलाज एका ओळीचा आहे. अक्षरओळखीचं सेटिंग ‘सक्ती’वर ठेवायचं. मग पेपरलेस आतल्या मजकुराकडे दुर्लक्ष करतं, पानाचं चित्र बनवतं आणि ते चित्र डोळ्यांनी वाचावं तसं वाचतं. वेळ जास्त लागतो, फाइलही फुगते, पण पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा गृहनिर्माण संस्थेचा ठराव शोधात सापडू लागतो.

पेपरलेसची स्वतःची गोष्टही सांगण्यासारखी आहे. डॅनियल क्विननं ते सुरू केलं. पुढं त्याला वेळ मिळेना, काम मंदावलं. २०२० च्या अखेरीस योनास विंकलर यानं तो कोड घेऊन ‘पेपरलेस-एनजी’ नावानं नव्यानं बांधला. त्याचंही काम थंडावलं, तेव्हा २०२२ मध्ये वापरणाऱ्यांतल्याच काही जणांनी गट करून ‘पेपरलेस-एनजीएक्स’ उभं केलं आणि या वेळी जबाबदारी मुद्दाम अनेकांत वाटून घेतली. तीन पिढ्या झाल्या, पण पहिल्या दिवशी कागद चढवलेल्या माणसाचे कागद सुरक्षित राहिले. कुणाची परवानगी काढावी लागली नाही, कारण हा कोड कुणीही घ्यावा, बदलावा, पुढं चालवावा, हे त्याच्या परवान्यातच लिहिलेलं होतं.

ओपन सोर्सचं खरं मोल इथं आहे, फुकटेपणात नाही. २०१६ मध्ये फ्रँक कार्लिचेक स्वतःच सुरू केलेल्या ‘ओनक्लाउड’ या फाइली साठवण्याच्या प्रकल्पातून बाहेर पडला आणि त्याच कोडवर त्यानं ‘नेक्स्टक्लाउड’ उभारलं. डिसेंबर २०१८ मध्ये ‘एम्बी’ या घरगुती चित्रपट-संग्रहाच्या सर्व्हरनं आपला कोड बंद केला, तेव्हा शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून ‘जेलीफिन’ जन्मलं. मार्च २०२४ मध्ये ‘रेडिस’ या डेटाबेसनं परवाना बदलल्यावर काही दिवसांतच ‘वाल्की’ तयार झालं. प्रत्येक वेळी भांडणं झाली, मनं दुखावली. वापरणाऱ्याच्या घरातला डबा मात्र चालू राहिला.

डबा चालू असला तरी बाहेरून त्याच्यापर्यंत पोचणं ही निराळी लढाई. हौशी माणूस राउटरच्या पानावर जातो, हवी ती दारं उघडतो, ऑफिसातून पत्ता टाकतो आणि काहीच उघडत नाही. राउटरवर दिसणारा पत्ता १०० नं सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर कारण तिथंच कळतं. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत साधारण ४३० कोटी पत्तेच शक्य आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच खरा पत्ता देतात आणि आतल्या आत त्यांच्यासाठीच राखून ठेवलेले पत्ते वाटतात. बाहेरून आलेल्या हाकेला नेमकं कोणतं दार उघडायचं, हे मग कुणालाच ठाऊक नसतं. उपाय दोन : नव्या पद्धतीचा आयपीव्ही६ पत्ता वापरायचा किंवा महिन्याला थोडे पैसे भरून बाहेर एक छोटा सर्व्हर घ्यायचा, आणि यांपैकी कुठल्याही वाटेनं ‘वायरगार्ड’सारख्या बोगद्यातून जायचं. जेसन डोननफेल्डचं हे वायरगार्ड जेमतेम चार हजार ओळींचं. मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात सामील झालं. ते बसवल्यावर फोन गावाला असो की परदेशात, घरच्या वायफायवर असल्यासारखाच वागतो आणि जगाला घराचं एकही उघडं दार दिसत नाही.

विजेचं गणित आपल्याकडे वेगळं मांडावं लागतं. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आता गल्लीतल्या दुकानातही मिळतो. तो घ्यावाच, पण डब्याला वेगळा यूपीएस हवा आणि बॅटरी संपत आली की डबा आपणहून नीट बंद होईल अशी सोयही हवी. लिहिण्याच्या मध्येच वीज गेली तर फाइली बहुधा वाचतात; डेटाबेसची मात्र परीक्षा होते. मेमरी कार्डावर चालणाऱ्या ‘रास्पबेरी पाय’ या चिमुकल्या संगणकावर तर हा धोका जास्तच.

डेटाबेस हेच घरच्या सर्व्हरचं सगळ्यात नाजूक अंग. इमिचच्या पोटात ‘पोस्टग्रेस’ नावाचं डेटाबेसचं साधन असतं, पेपरलेसलाही ते जोडता येतं. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी येते, आणि जुन्या आवृत्तीनं लिहिलेल्या फाइली नवी आवृत्ती थेट उघडत नाही. सेटिंगच्या फाइलीत आवृत्तीच्या जागी ‘लेटेस्ट’ असं लिहिलेलं असलं की एका सकाळी अपडेटनंतर नवी आवृत्ती येते, ‘या फाइली माझ्याशी जुळत नाहीत’ असा निरोप देते आणि सुरू व्हायला नकार देते. डेटा जागच्या जागी असतो. जुना आकडा परत लिहिला, जुन्या आवृत्तीतून सगळं बाहेर काढून घेतलं आणि नवीत भरलं की गाडी रुळावर येते. म्हणून जाणती मंडळी आवृत्तीचा आकडा स्पष्ट लिहितात आणि अपडेट रविवारी सकाळी, बॅकअप घेतल्यावरच करतात.

बॅकअपबद्दल बोलताना प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबचं उदाहरण द्यावंच लागतं, कारण त्या कंपनीनं आपली फजिती जगासमोर मांडण्याचं धैर्य दाखवलं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची फाइलपेटी पुसायला घेतली. चूक ध्यानात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबीच उरले होते. मग एकेक बॅकअप उघडून पाहिला. रोजचा बॅकअप घेणारं साधन पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचं होतं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो बॅकअप होतच नव्हता. तसं कळवणाऱ्या इमेल मध्येच नाकारल्या जात होत्या. अखेर योगायोगानं सहा तास आधी घेतलेली एक प्रत कामी आली. दुरुस्ती चालू असताना कंपनीनं ती यूट्यूबवर थेट दाखवली. तज्ज्ञांची फौज बाळगणाऱ्या ठिकाणी हे घडतं, तर घरच्या डब्याचा बॅकअप वर्षातून एकदा तरी दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उघडून पाहायलाच हवा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोगनं रूढ केलेला नियम इमिचचे कर्तेही आपल्या माहितीपानांवर आवर्जून सांगतात.

ओपन सोर्सच्या जगाची कच्ची बाजू मार्च २०२४ मध्ये उघडी पडली. ‘एक्सझेड’ हे फाइली दाबून लहान करणारं छोटंसं साधन जगभरच्या लिनक्स यंत्रांत असतं आणि ते बरीच वर्षं लासे कॉलिन हा एकटा माणूस सांभाळत होता. ‘जिया टॅन’ नावानं कुणी तरी २०२१ पासून त्याला मदत करू लागलं, विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि शेवटी त्यात चोरदार बसवलं. ते पकडलं पोस्टग्रेसच्याच एका कर्त्यानं, आंद्रेस फ्रॉइंडनं. दूरच्या यंत्रात शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढाच त्याचा प्रश्न होता. कोड खुला असल्यामुळे तो मुळापर्यंत जाऊ शकला. दूषित आवृत्ती ‘डेबियन’ या लिनक्सच्या अवताराच्या स्थिर शाखेपर्यंत पोचायच्या आत सापडली. पण थकलेल्या एकट्या माणसाच्या खांद्यावर केवढं ओझं असतं, हेही तेव्हाच दिसलं. शेअर दलाली करणाऱ्या झेरोधा कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, ही आपल्याकडची आनंदाची बाब. हौशी माणसाला एवढी रक्कम झेपणार नाही. पण इमिचच्या मराठी भाषांतरातल्या चुका सुधारणं किंवा एखादा दोष नीट लिहून कळवणं त्याला सहज जमतं.

एकटा माणूस घरातही असतो. सर्व्हरचा पासवर्ड, डिस्क कुठली, राउटर कसा चालू-बंद करायचा हे सगळं एकाच्याच डोक्यात असेल, तर तो दवाखान्यात दाखल झाला की घरातले फोटोही त्याच्याबरोबर अडकतात. ‘व्हॉल्टवॉर्डन’ या पासवर्डच्या तिजोरीत यासाठी सोय आहे : नेमून दिलेल्या व्यक्तीनं मागणी केली आणि ठरवलेल्या मुदतीत मालकानं नकार दिला नाही, तर तिजोरी तिला उघडते. इमिच आणि पेपरलेस दोन्ही मूळ फाइली साध्या स्वरूपातच ठेवतात, सेटिंग केलं तर वर्षावार फोल्डरांतही लावतात. त्यामुळे ते प्रोग्राम नसले तरी फोटो फोटोच राहतो. फक्त सर्व्हरची डिस्क बहुधा लिनक्सच्या ‘ईएक्सटी४’ पद्धतीची असते आणि ती विंडोजच्या लॅपटॉपला लावली तर थेट वाचता येत नाही. म्हणून घराबाहेर ठेवायची प्रत ‘एक्सफॅट’ पद्धतीच्या डिस्कवर घ्यावी, ती बहिणीच्या किंवा भावाच्या घरी द्यावी आणि देतानाच तिथल्या लॅपटॉपला लावून गेल्या दिवाळीचा एक फोटो आणि घराच्या खरेदीखताची पीडीएफ त्यांच्याच हातानं उघडून घ्यावी.